टाके विरघळतात, मग स्क्रू का नाही? हाडात टाकायच्या मॅग्नेशियमची गोष्ट

(हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप आहे. ज्यांना गर्दीच्या लोकलमध्ये इअरफोन काढावे लागतात, त्यांच्यासाठी. बोलताना अडखळले ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय माझ्या डोक्यात दोन ठिकाणांहून आला. एक म्हणजे आमच्या बोरिवलीच्या बाथरूममधला गीझर आणि दुसरं म्हणजे मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा घोटा.

आधी घोट्याचं सांगते. माझा मावसभाऊ बाइकवर डिलिव्हरीचं काम करतो. दोन पावसाळ्यांपूर्वी ओल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि पाय गाडीखाली आला. घोट्याच्या आतल्या बाजूला जे हाड टेकडीसारखं वर आलेलं असतं ना, ते तुटलं. ऑपरेशन झालं, दोन स्क्रू बसले, हाड छान जुळलं. सगळं नीट झालं. पण घोट्यावर मांस फार नसतं, त्यामुळे स्क्रूचं डोकं बुटाला घासायला लागलं. दीड वर्षानं डॉक्टर म्हणाले, हाड पक्कं झालंय, त्रास होत असेल तर स्क्रू काढून टाकू. म्हणजे पुन्हा दाखल, पुन्हा भूल, पुन्हा टाके. शिवाय तीन आठवडे बाइक बंद. आणि डिलिव्हरीच्या कामात बाइक बंद म्हणजे कमाई बंद. सिक लीव्ह वगैरे काही प्रकार नसतो तिथे.

मी भेटायला गेले, तर हा पाय उशीवर ठेवून बसलेला. मला म्हणाला, "ताई, हे बघ, आतले टाके विरघळणारे आहेत म्हणे, काढायला यायची गरज नाही. मग स्क्रूच विरघळणारा का नाही घातला पहिल्यांदा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "बघून सांगते" म्हणाले आणि घरी आले. आजचा एपिसोड म्हणजे त्याला द्यायचं उत्तर आहे. तुम्हीही ऐका.

आपल्या हाडाला स्क्रू हवा असतो किती दिवस?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. स्क्रू हाड जोडत नाही. हाड स्वतःला स्वतःच जोडतं. स्क्रूचं काम एवढंच की तुटलेले दोन तुकडे हलू न देता एकमेकांना चिकटवून धरायचे. फर्निचरवाला लाकूड चिकटवल्यावर क्लॅम्प लावून ठेवतो, तसं.

घोट्यासारख्या ठिकाणी हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्यात पुरेशी ताकद यायला तीन महिने किंवा थोडे जास्त. त्यानंतर स्क्रू हा निव्वळ प्रवासी. तिकीट संपलंय, स्टेशन गेलंय, तरी सीटवर बसून आहे.

आता हा प्रवासी कशाचा बनलेला असतो? बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलचा किंवा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. हे दोन्ही धातू निवडलेच जातात ते शरीरात गंजत नाहीत म्हणून. आणि एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगते, नाहीतर उद्या कोणीतरी घाबरून मेसेज करेल: मोठ्या माणसांमध्ये हे इम्प्लांट पुष्कळदा आयुष्यभर आत राहतात आणि काहीही बिघडत नाही. काढायची वेळ येते ती टोचत असेल, घासत असेल, संसर्ग झाला असेल किंवा रुग्ण वाढत्या वयाचं मूल असेल तेव्हा.

पण कडक धातूची आणखी एक अडचण आहे. तुमच्यापैकी जे जिमला जातात त्यांना पटकन कळेल. बेंच प्रेस मारताना मागे उभा असलेला मित्र जर सगळा बार स्वतःच उचलत असेल, तर तुमची छाती वाढेल का? नाही. हाडाचंही तसंच असतं. हाड वजन पेलतं म्हणून मजबूत राहतं. शेजारी त्याच्यापेक्षा कितीतरी कडक पट्टी बसवली, की भार पट्टी घेते आणि हाड आळशी होतं, विरळ होतं.

आकडे बघा. कडकपणा मोजायचं एकक गिगापास्कल. आपल्या हाडाचा बाहेरचा टणक भाग साधारण १० ते ३०. टायटॅनियमचा मिश्रधातू ११० च्या आसपास. स्टील जवळजवळ २००. आणि मॅग्नेशियम? सुमारे ४५. म्हणजे नेहमीच्या धातूंमध्ये हाडाच्या सगळ्यात जवळचा. वजनातही तसंच: मॅग्नेशियमची घनता १.७४, हाडाची १.८ ते २.१ च्या दरम्यान, टायटॅनियमची ४.५ आणि स्टीलची जवळपास ८.

म्हणजे हलका आहे, हाडासारखा आहे. आणि मुख्य म्हणजे तो विरघळतो. कसा विरघळतो ते कळायला आता गीझरकडे जाऊ.

गीझरच्या पोटातला रॉड

आमच्याकडे टाकीवाला गीझर आहे. मागच्या महिन्यात पाणी नीट तापेना म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्यानं गीझर उघडला आणि आतून एक बोटाएवढी वाकडीतिकडी, खड्डे पडलेली काडी काढली. कुत्र्यानं चावून टाकलेल्या हाडासारखी दिसत होती. म्हणाला, "मॅडम, अ‍ॅनोड रॉड खलास झालाय. हा नसता तर तुमची टाकी सडली असती."

हा रॉड बहुतेक गीझरमध्ये मॅग्नेशियमचा असतो. टाकी स्टीलची. पाणी दोघांना लागलेलं. आता पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून ठेवले, की त्यातला जो जास्त उतावीळ असतो तो आधी झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. मॅग्नेशियम इतका उतावीळ धातू आहे की स्टीलच्या बदल्यात तो स्वतः संपतो. मुद्दाम मरायलाच ठेवलेला असतो तो.

पाण्यात मॅग्नेशियमचं होतं काय? दोन गोष्टी तयार होतात. एक, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. पांढरट पदार्थ. अ‍ॅसिडिटीसाठी आपण जे पांढरं घट्ट औषध पितो त्यातला एक मुख्य घटक हाच. आणि दुसरा, हायड्रोजन वायू. हा वायू लक्षात ठेवा, पुढे तोच गोष्टीतला खलनायक आहे.

शिवाय पाणी खारट असेल तर सगळं वेगानं होतं. वर्सोव्याला समुद्राकडे तोंड असलेल्या खिडक्यांचं ग्रिल आणि मुलुंडच्या खिडकीचं ग्रिल, दोन्हींची तब्येत बघा, कळेल. पांढरा थर खरं तर धातूला थोडं झाकतो, पण मिठातलं क्लोराइड तो थर विरघळवून टाकतं. आणि आपलं रक्त, आपल्या पेशींभोवतीचं पाणी खारटच असतं. समुद्रात जेवढं क्लोराइड असतं, त्याच्या साधारण पाचवा हिस्सा आपल्या रक्तात असतं. म्हणजे आपण सगळे आत एक छोटा अरबी समुद्र घेऊन फिरतोय. तिथे मॅग्नेशियम टिकणार नाही, हे उघड आहे. प्रश्न एवढाच: किती दिवसांत जाणार?

कल्पना जुनी आहे, तुमच्या पणजोबांच्या वेळची

मला वाटलं होतं हे सगळं अगदी नवं संशोधन असेल. तर नाही. १८७८ मध्ये एडवर्ड ह्यूज नावाच्या डॉक्टरनं रक्त वाहणाऱ्या शिरा बांधायला मॅग्नेशियमची तार वापरली होती. बांधा आणि विसरा, तार आपोआप जाईल, असा विचार.

मग आले बेल्जियमचे सर्जन अल्बँ लांबॉत. तुटलेली हाडं पट्टी आणि स्क्रू लावून जोडायच्या शस्त्रक्रियेचे ते एक जनक मानले जातात. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी एका रुग्णाच्या पायात मॅग्नेशियमची पट्टी बसवली. आणि ती धरायला खिळे मात्र स्टीलचे.

गीझर आठवला ना? खारट पाणी, मॅग्नेशियम आणि स्टील एकमेकांना चिकटलेले. त्यांनी नकळत रुग्णाच्या पायात गीझरचा रॉडच बसवला होता! पट्टी आठ दिवसांत तुटून गेली आणि कातडीखाली वायूचे फुगे जमा झाले. हाड जुळायला हवेत दोन महिने, पट्टी टिकली आठवडाभर.

पुढेही डॉक्टरांनी प्रयत्न सोडले नाहीत, पण तोपर्यंत चांगलं स्टेनलेस स्टील आलं. न गंजणारा धातू हातात असताना गंजणाऱ्याच्या मागे कोण लागणार? मॅग्नेशियम जवळजवळ अडगळीत गेलं आणि या शतकात पुन्हा बाहेर आलं.

एका स्क्रूचा हिशेब

चला, कागद-पेन घेऊ. किंवा मोबाइलचा कॅल्क्युलेटर.

समजा ३ मिलिमीटर जाड आणि २५ मिलिमीटर लांब असा भरीव स्क्रू आहे. त्यात मॅग्नेशियम भरेल साधारण ३०० मिलिग्रॅम. आता हे शरीरात गेलं तर विष होईल का? आपल्या शरीरात आधीच सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांमध्येच. आणि रोजच्या जेवणातून आपल्याला साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम लागतं. नाचणी, पालेभाज्या, डाळी, शेंगदाणे यांतून ते मिळतं. म्हणजे अख्खा स्क्रू विरघळला तरी झालं काय, तर एका दिवसाच्या जेवणाएवढं मॅग्नेशियम, तेही महिनोन्‌महिने थोडं थोडं. जास्त झालं तर मूत्रपिंड बाहेर टाकतं. अर्थात ज्यांचं मूत्रपिंडच नीट चालत नाही, त्यांच्याबाबत डॉक्टर वेगळा विचार करतील.

म्हणजे धातूची भीती नाही. आता वायू. एक ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण विरघळलं की जवळपास एक लिटर हायड्रोजन निघतो. आपल्या स्क्रूतून निघेल साधारण ३०० मिलिलिटर. एका छोट्या कोल्ड्रिंकच्या कॅनएवढा.

आता बघा गंमत. तोच स्क्रू आठ दिवसांत विरघळला, तर रोज जवळपास ४० मिलिलिटर वायू. शरीराला तो वाहून नेता येत नाही, फुगा होतो, लांबॉतच्या रुग्णासारखा. आणि वर्षभरात विरघळला, तर रोज एक मिलिलिटरपेक्षाही कमी. तेवढा वायू आजूबाजूच्या पेशींतून पसरून सहज निघून जातो.

धातू तोच, रसायन तेच. फरक फक्त वेगाचा आहे. या अख्ख्या विषयाचं सार विचाराल तर एवढंच: मॅग्नेशियमला हळू करायचं.

हळू करायचं कसं?

तीन मुख्य मार्ग आहेत.

पहिला, शुद्धता. मॅग्नेशियममध्ये लोखंड, निकेल, तांबं यांचे अगदी बारीक कण जरी राहिले, तरी प्रत्येक कण म्हणजे एक छोटा गीझर. त्याच्याभोवतीचं मॅग्नेशियम भराभर जातं. त्यामुळे ही अशुद्धी दहा लाख भागांत किती भाग, अशा हिशेबात मोजून कमी करावी लागते.

दुसरा, मिसळण. इथे धातुशास्त्रज्ञ आचाऱ्यासारखा विचार करतो, काय किती टाकायचं. अ‍ॅल्युमिनियम टाकलं की मॅग्नेशियम मजबूत होतं, कारचे आणि लॅपटॉपचे भाग तसेच बनतात. पण अ‍ॅल्युमिनियम मज्जासंस्थेसाठी चांगलं समजलं जात नाही, म्हणून शरीरात नको. मग जस्त आणि कॅल्शियम टाकतात, कारण दोन्ही आपल्या शरीरात आहेतच. किंवा यिट्रियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्यं टाकतात, त्यांनी झिजेचा वेग छान आटोक्यात येतो.

तिसरा, आवरण. स्क्रूवर ऑक्साइडचा किंवा कॅल्शियम फॉस्फेटचा थर द्यायचा, म्हणजे सुरुवातीचे नाजूक आठवडे तो झाकलेला राहील.

पण मंडळी, अजून एक चोर आहे. प्रयोगशाळेत नुसता खारट पाण्यात ठेवलेला धातू आणि माणसाच्या पायातला धातू यात फरक आहे. पायातल्या धातूवर ताण येतो. चालताना प्रत्येक पावलाला ताण येतो आणि सुटतो. गंज आणि ताण एकत्र आले, की बारीक भेग पडते, त्यात खारट पाणी शिरतं, भेग वाढते, आणि अजून बरंच मॅग्नेशियम शिल्लक असतानाही स्क्रू अचानक मोडू शकतो. विरघळणं ठीक आहे, मोडणं ठीक नाही.

यावर काम करणाऱ्यांमध्ये ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठातले प्रा. आर. के. सिंग रामन यांचं नाव घ्यावं लागेल. आणि त्याच मोनाशचा आपल्या पवईशी संबंध आहे. आयआयटी मुंबईत २००८ पासून आयआयटीबी-मोनाश रिसर्च अकादमी आहे, जिथे विद्यार्थ्यांना दोन्ही संस्थांचे मार्गदर्शक मिळतात. पवईच्या त्याच कॅम्पसमध्ये २०१४ साली बेटिक नावाचं केंद्र सुरू झालं. डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एका टेबलावर बसवून वैद्यकीय उपकरणं बनवायची, हे त्याचं काम. महाराष्ट्र सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगानं त्याला पाठबळ दिलं. घाटकोपर किंवा अंधेरीत राहून मेटलर्जी शिकणाऱ्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला या विषयात पडायचं असेल, तर रस्ता एका बसच्या अंतरावर आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग आज हे कुठे पोहोचलंय?

२०१३ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सिंटेलिक्स कंपनीच्या मॅग्नेशियम स्क्रूला युरोपात मान्यता मिळाली. तो यिट्रियम आणि दुर्मीळ मूलद्रव्यं असलेल्या मिश्रधातूचा होता. सुरुवात कुठून केली? पायाच्या अंगठ्याचं वाकडं झालेलं हाड सरळ करायच्या ऑपरेशनपासून. छोटं हाड, कमी भार, कमी धोका. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात मॅग्नेशियम-कॅल्शियम-जस्त स्क्रूला परवानगी मिळाली. आणि २०२३ मध्ये फिनलंडच्या बायोरेटेक कंपनीच्या स्क्रूला अमेरिकेच्या एफडीएनं मान्यता दिली. तोही मॅग्नेशियम, जस्त आणि कॅल्शियमचा. आणि तो कशासाठी? घोट्याच्या फ्रॅक्चरसाठी!

हृदयाकडेही वळू. २०१६ मध्ये बायोट्रॉनिक कंपनीच्या मॅग्नेशियम स्टेंटला युरोपात मान्यता मिळाली. वर्षभरात तो जवळजवळ विरघळून जातो.

पण इथे थांबा. "विरघळतं म्हणजे चांगलंच" असं समजू नका. अ‍ॅबट कंपनीचा अ‍ॅब्सॉर्ब हा विरघळणारा स्टेंट आठवत असेल. तो मॅग्नेशियमचा नव्हता, प्लास्टिकच्या जातीच्या पॉलिमरचा होता. ताकद यावी म्हणून त्याच्या काड्या जाड ठेवाव्या लागल्या. मोठ्या चाचण्यांमध्ये नेहमीच्या धातूच्या स्टेंटपेक्षा त्यात गुठळ्या व्हायचं प्रमाण जास्त निघालं, आणि २०१७ मध्ये कंपनीनं विक्री थांबवली. मॅग्नेशियमच्या स्क्रूबाबतही मनगटातल्या एका छोट्या हाडात काही रुग्णांना स्क्रूभोवती पोकळ्या दिसल्या. जी गोष्ट अंगठ्याला चालते ती मनगटाला चालेलच असं नाही.

आणि मांडीच्या हाडाचं काय? ज्यावर अख्ख्या शरीराचं वजन येतं, तिथे स्टील आणि टायटॅनियमच. मॅग्नेशियममध्ये अजून तेवढा दम नाही.

पैशाचंही बोलू. २०१७ च्या फेब्रुवारीत एनपीपीएनं स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये अशी कमाल किंमत ठरली. विरघळणारे स्टेंटही त्याच २९,६०० च्या गटात बसवले. म्हणजे "विरघळतो" या एका शब्दासाठी जादा पैसे मोजायचे नाहीत, असा त्याचा अर्थ. शिवाय आपल्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत शरीरात विरघळणारे इम्प्लांट सगळ्यात जास्त धोक्याच्या, म्हणजे ड वर्गात येतात. तपासणी कडक असणं बरोबरच आहे. स्टीलचा स्क्रू चुकला तर काढता येतो. विरघळलेला कसा काढणार?

भावाला दिलेलं उत्तर

तर गेल्या रविवारी पुन्हा मुलुंडला गेले. त्याला सांगितलं, "तुझा प्रश्न अजिबात वेडा नव्हता. डॉक्टर त्यावर दीडशे वर्षं डोकं लावतायत. टाका दोन आठवडे धरून ठेवला की काम झालं. स्क्रूला तीन महिने हलायचं नाही, मोडायचं नाही, आणि मग वेळेवर निघून जायचं. ते 'वेळेवर'च कठीण आहे."

तो म्हणाला, "म्हणजे माझ्या वेळी चुकलं काही?"

मी म्हटलं, "नाही रे. तुला जे बसवलं ते खात्रीचं होतं. हाड जुळलं ना?"

तुमच्या घरात कोणाला फ्रॅक्चरचं ऑपरेशन सांगितलं असेल, तर मॅग्नेशियमचा हट्ट धरू नका. पण तीन प्रश्न जरूर विचारा. एक, हे इम्प्लांट कोणत्या धातूचं आहे? दोन, हे पुढे काढावं लागेल का, आणि कोणत्या परिस्थितीत? तीन, काढायचं झालं तर साधारण खर्च किती आणि कामावरून किती दिवस सुट्टी? तिसरा प्रश्न रोजंदारीवर किंवा ऑर्डरवर कमावणाऱ्यांनी तर विचाराच, आणि पहिल्या ऑपरेशनच्या आधीच विचारा. आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या, त्यावर कंपनी आणि बॅच नंबर असतो. त्याचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पाच वर्षांनी एमआरआयच्या वेळी कोणी विचारलं, तर शोधाशोध नको.

निघताना त्यानं एक प्लास्टिकची डबी काढून दाखवली. आत त्याचे दोन स्क्रू. दीड वर्ष हाडात राहून आले होते, तरी दुकानातून आणल्यासारखे चकचकीत. मला आमच्या गीझरमधला तो खड्डे पडलेला रॉड आठवला. एक जरासुद्धा झिजत नाही आणि दुसरा बघता बघता संपतो. या दोघांच्या बरोबर मध्ये बसेल असा धातू शोधायचं काम चाललंय.

तुमच्याही घरात अशी डबी असेल तर कमेंटमध्ये सांगा. स्क्रू किती दिवस आत होता आणि का काढला, तेही लिहा. पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवेन. तोपर्यंत सांभाळून चालवा, पावसात ब्रेक हळू दाबा, आणि गीझरचा रॉड एकदा तपासून घ्या. भेटू!